कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायचं नाही

परवा पुन्हा एक फोन आला. कुणीतरी नवा बाप होता.

"काका, घरच्यासाठी स्वस्तातला हॅण्डीकॅम सांगा की एखादा. पोरीचं बारसं हाय. फक्त झूम तगडा पाहिजे."

मी फोन कानापासून लांब धरला. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, राग आला की आधी पाण्याचा घोट घ्यायचा. घेतला. मंग विचारलं, "बारसं कुठं हाय?"

"घरीच की. हॉलमध्ये."

"आणि तुम्ही शूटिंग कुठून करणार? मोती तलावाच्या पल्याडून?"

त्यानं फोन ठेवला. ठेवू दे. झूम हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि या वयात ती उतरायला फार वेळ लागतो. घरातल्या घरात, चार हातांवरच्या पाळण्याचं शूटिंग करायला या लोकांना दुर्बीण लागते!

जालन्यात मस्तगडला माझं कॅमेऱ्याचं दुकान होतं. वीसेक वर्षं मी हॅण्डीकॅम विकले, दुरुस्त केले, भाड्यानं दिले, लग्नांचं शूटिंगही केलं. दुकान आता पुतण्याकडं आहे आणि तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. त्याबद्दल मी बोलणार नाही, नाहीतर लेख तिथंच संपेल. मी घरी एक टेबल मांडलंय. दोन जुने हॅण्डीकॅम, एक जुना कॉम्प्युटर. लोक ट्रंकेतल्या जुन्या कॅसेटी घेऊन येतात आणि मी त्यांतलं शूटिंग पेनड्राइव्हवर उतरवून देतो. मधली काही वर्षं हॅण्डीकॅमला कुत्रं विचारत नव्हतं. आता पुन्हा कॉलेजची पोरं मागायला लागलीत. का, तर म्हणे चित्र 'जुनं' दिसतं. वीस वर्षांपूर्वी चित्र असं दिसलं की गिऱ्हाईक माझ्या अंगावर धावून यायचं!

तर झूम. एकदा स्पष्ट सांगतो, म्हणजे निदान वाचणारे तरी फसणार नाहीत. खरा झूम काचेचा असतो. आतली भिंगं पुढं-मागं सरकतात आणि लांबचं जवळ येतं. खोक्यावर जो मोठ्ठा आकडा छापलेला असतो, सातशे काय नि आठशे काय, तो काचेचा नसतोच. तो कॅमेरा आहे तेच चित्र ओढून ओढून मोठं करतो. पापड लाटताना हात जास्त पडला की कशी जाळी पडते, तशी चित्राला जाळी पडते. हे कंपन्यांना माहीत, दुकानदारांना माहीत. फक्त गिऱ्हाइकाला माहीत नाही, आणि कुणी सांगायला गेलं तर त्याला ते ऐकायचं नाही. जुन्या जालन्यातले एक कापडवाले शेट, मी त्यांना अर्धा तास हे समजावलं. दुपारी ते दुसऱ्या दुकानातून मोठ्या आकड्याचं खोकं घेऊन मुद्दाम माझ्या दारावरून गेले. खोकं दिसेल असं धरून!

घरच्यासाठी स्वस्तातला घ्यायचा असेल तर बघायच्या गोष्टी साध्या आहेत. आपल्या घरांत एक ट्यूबलाइट असते, तीही एका भिंतीला. तेव्हा दुकानातले दिवे बंद करायला लावा आणि कमी उजेडात माणसाचं तोंड ओळखू येतं का ते बघा. कॅमेरा हातात घेऊन मनात शंभर मोजा, मनगट दुखलं तर तो आपला नाही. बॅटरी जादा मिळते का विचारा, कारण लाइटचा आपल्याकडं भरवसा नाही. आणि पाच मिनिटं शूटिंग करून लगेच टीव्हीला लावून ऐका. बघा नाही म्हणत, ऐका म्हणतोय. स्वस्त हॅण्डीकॅमचा माइक त्याच्या मोटरीला चिकटून असतो, आणि काहींत सगळ्या लग्नभर गिरणीसारखी घरघर येते. आवाजाचं गिऱ्हाईक विचारतच नाही. वीस वर्षांत मला आवाजाबद्दल फक्त एका माणसानं विचारलं. त्याच्याबद्दलच सांगायचंय, पण आधी माझ्या शहाणपणाबद्दल सांगावं लागेल.

मी नुसता विकणारा नव्हतो, शिकवणारा होतो. याचा मला लई गर्व. हॅण्डीकॅम विकला की गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायचं, नवी कॅसेट घालायची, कॅमेरा त्याच्याच हातात द्यायचा आणि मिनिटभर दुकानातलंच शूटिंग करायला लावायचं. ही आमची चाचणी. माल चालू आहे हे त्याला दिसतं आणि हातही बसतो. चाचणी झाली की कॅसेट मागं घ्यायची, घरी गेल्यावर त्यावरूनच नवं शूटिंग होतं, चाचणी पुसली जाते. आणि चाचणी चालू असतानाच मी तीन नियम सांगायचो. ते मी कार्डावर छापूनच घेतले होते आणि प्रत्येक खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवायचो. एक, कॅमेरा हलवायचा नाही. दोन, झूमच्या बटणाशी खेळायचं नाही. तीन, कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायचं नाही.

तिसऱ्याचं कारण असं, की माइकला सगळ्यात जवळ तोंड कुणाचं? धरणाऱ्याचं. समोरचा नवरदेव कुजबुजल्यासारखा येतो आणि धरणारा नुसता खाकरला तरी ढगफुटी झाल्यासारखं वाटतं. लग्नाच्या शूटिंगमध्ये हा धंद्याचा पहिला धडा आहे. तोंड बंद ठेवायचं. तसंही लग्नाच्या कॅसेटीत आम्ही खरा आवाज ठेवतच नव्हतो, सगळ्यावर सिनेमातली गाणी चढवायचो. कन्यादानाला एक, पाठवणीला एक. गिऱ्हाइकाला तेच पाहिजे असायचं. लोकांचे आवाज कचऱ्यात गेले, त्याचं तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

आणि घरगुती माणसाला मी धंद्याचा नियम शिकवत होतो! कुणी मला विचारायला पाहिजे होतं, की बाबा रे, हे काय लग्नाचं कंत्राट आहे का? बाप पोराचं शूटिंग करून राह्यलाय, त्यानं बोलायचं नाही तर काय करायचं? कुणी विचारलं नाही.

नियम धाब्यावर बसवणारे होतेच. जांब समर्थकडचे भगवानराव पाटील त्यांतले पहिल्या नंबरचे. हा माणूस दर दोन महिन्यांनी दुकानात भांडायला यायचा. पहिल्यांदा आले ते कॅमेरा गल्ल्यावर आपटूनच.

"हे काय डबडं दिलं तुम्ही? पोळ्याचं शूटिंग केलं, बैल आलेच न्हाईत! नुसती जमीन आली!"

मी कॅसेट लावून बघितली. लाल बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. पाटलांचा हिशेब उलटा बसला होता. बैल समोर आले की कॅमेरा बंद, आणि कॅमेरा खाली लोंबत असताना चालू. तासभर धोतराचा सोगा, चप्पल, शेण आणि धूळ. वरून पाटलांचा अखंड आवाज. "आरे त्या ढवळ्याच्या शिंगाला बेगड कमी लागली! ए बाई, तू मधी कामून येऊन राह्यली? सरक! जल्दी आण ती पुरणपोळी, बैल खोळंबलेत!"

मी हसलो, बटण समजावलं. वर सुनावलं, "पाटील, बैल आले न्हाईत ते एकवेळ ठीक. पण तुमच्या तोंडाला कुलूप लावा. कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायचं न्हाई, कार्डावर लिहिलंय."

"मी माझ्या घरात बोलायचं न्हाई? तुमचं कार्ड तुमच्यापाशीच ठेवा!"

माझ्या दुकानातला सगळ्यात वाईट शागीर्द म्हणून मी भगवानरावांचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचो.

आणि सगळ्यात चांगला शागीर्द म्हणजे साळवे गुरुजी.

गुरुजी घनसावंगी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, घर जालन्यात. त्यांचा आवाज मी कॅमेऱ्याच्या आधीपासून ओळखत होतो. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात माइक बंद पडला तर लोक म्हणायचे, गुरुजींना उभं करा. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्दन् शब्द ऐकू जायचा, आणि तरी ते ओरडले असं कधी वाटायचं नाही. लेक वंदनाला मुलगी झाली, प्रज्ञा. वंदना सरकारी दवाखान्यात नर्स, जावई पण नोकरीला, म्हणून नात आजोळीच वाढत होती. तिच्यासाठी गुरुजींना हॅण्डीकॅम पाहिजे होता. झेपेल असा, साधा.

"जयभीम," म्हणत आले, स्टुलावर बसले, आणि पहिला प्रश्न टाकला, "यात आवाज कसा येतो हो?"

मी चमकलो. झूम नाही, रंग नाही, आवाज! मी खूश होऊन त्यांना माझ्याकडचा सगळ्यात कमी घरघर करणारा हॅण्डीकॅम दिला. खोक्यावरचा आकडा छोटा होता, म्हणून तो सहा महिने पडून होता. आजही छातीठोक सांगतो, त्या पैशात त्याच्याहून चांगला कॅमेरा जालन्यात कुणाकडं नव्हता. निवड बराबर होती. माल सोन्यासारखा होता. घाण केली ती मी नंतर.

चाचणी घेतली. तिन्ही नियम सांगितले. गुरुजींनी खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतले, एक, दोन, तीन, खाली रेघ मारली. असं कुठल्या गिऱ्हाइकानं कधी केलं नव्हतं. माझी छाती फुगली.

त्यानंतर चारेक वर्षं गुरुजी नव्या कॅसेटी घ्यायला यायचे. कॅमेऱ्याला ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. पडेल, लेन्सला बोट लागेल. सगळं शूटिंग त्यांचं एकट्याचं. मी विचारायचो, "नियम पाळता ना?" ते म्हणायचे, "तिन्ही." मंग एकदा बरेच दिवस आले नाहीत. कळलं, की घशाची गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र काढावं लागलं. टचस्क्रीनचे फोन तेव्हा आमच्याकडं शंभरात एकाकडं, गुरुजींकडं बटणांचा. आवाज साठवून ठेवायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही. आणि ध्यानात यायचं कारणही नव्हतं. घरात अकरा कॅसेटी होत्या की!

दोन वर्षांपूर्वी भगवानरावांचा मुलगा माझ्याकडं आला. पाटील वारले होते. पिशवीभर कॅसेटी टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, यातलं सगळं फोनवर करून द्या. पण कापाकापी करू नका. जमीन आली तरी चालंल."

मी सगळं बघितलं. पाटील शेवटपर्यंत सुधारले नव्हते. चित्र म्हणाल तर कपाळ बडवून घ्यावं असं, अर्ध्यात चप्पल, अर्ध्यात आभाळ. पण आवाज! नातवाला दटावणं, बायकोची खोड काढणं, गड्याशी पावसाच्या गप्पा, मधूनच शिंक, मधूनच "हे चालू हाय का बंद?" मुलानं माझ्यासमोर फोन कानाला लावला आणि ढसाढसा रडला. मंग हसायला लागला. म्हणाला, "बापू घरातच हायेत बघा, बडबडून राह्यलेत." मी त्याला चहा पाजला, पाठवून दिला. एवढा मोठा धडा समोरून गेला आणि माझ्या टाळक्यात काडीचा उजेड पडला नाही. पुढचं दिसायला वंदनाताई यावी लागली.

ती गेल्या वर्षी आली. पत्र्याची पेटी, आत अकरा कॅसेटी. प्रत्येकीवर गुरुजींच्या वळणदार अक्षरात नंबर आणि विषय. प्रज्ञाचे पहिले पाऊल. प्रज्ञा व तिची आजी, कुरडया. प्रज्ञा, पाटी-पेन्सिल.

"काका, आमचा कॅमेरा कधीचाच बंद पडलाय. त्यामुळं इतकी वर्षं कॅसेटी पाह्यल्याच न्हाईत," वंदना म्हणाली. "प्रज्ञा आता कॉलेजात हाय. दादांचं ऑपरेशन झालं तवा ती चार वर्षांची. तिला दादांचा आवाज आठवत न्हाई. परवा तिनं विचारलं, आजोबांचा आवाज कसा होता गं? मला सांगताच येईना. आवाज कसा सांगायचा, काका?"

"सांगायचा कशाला? ऐकवू की," मी म्हणालो. "तुझ्या लग्नाच्या कॅसेटीत पण असंल."

"त्यात नुसती गाणी हायेत."

मी मान खाली घातली. त्या लग्नाचं शूटिंग मी केलं नव्हतं, पण केलं असतं तरी गाणीच टाकली असती.

"पण यात हाय," ती पेटीवर हात ठेवून म्हणाली. "दादांनीच तर सगळं शूटिंग केलंय. तवा टीव्हीला वायर लावून आम्ही बघायचो, तर सगळा वेळ दादांचा आवाज. ही बघा प्रज्ञा, ही बघा पडली, ही बघा उठली."

एक नंबरच्या कॅसेटीला बुरशी लागली होती. ती बाजूला ठेवली आणि दोन नंबरपासून लावली. दुपारची जेवणं झाली की मी बसायचो. कानाला हेडफोन.

चित्र काय सांगू! एवढं स्थिर चित्र लग्नांत शूटिंग करणाऱ्या माझ्या पोरांनी कधी काढलं नाही. झूम नाही, धक्का नाही. उजेड खिडकीकडून घेतलेला. मी मनात शाबासकी देत होतो. दोन नंबर संपली. तीन संपली. चौथ्या कॅसेटीत गुरुजींच्या मंडळी कुरडया घालत होत्या, त्यांनी वर बघून विचारलं, "चहा टाकू का?"

उत्तर आलं नाही. कॅमेरा खालीवर झाला. सावकाश, दोनदा.

मी कॅसेट थांबवली. मागं घेतली, पुन्हा बघितली. बाई विचारतात, चहा टाकू का, आणि कॅमेरा मान हलवतो. हो.

पुढच्या सगळ्या कॅसेटी मी मंग बघितल्या नाहीत, ऐकल्या. प्रज्ञा बोबडं बोलते, "आदोबा, हे काय?" कॅमेरा गप्प. शेजारी विचारतात, "गुरुजी, आज शाळा न्हाई?" कॅमेरा डावीकडून उजवीकडं. नाही. वंदना म्हणते, "दादा, बोला की काहीतरी, सारखं काय मुक्यावानी!" कॅमेरा जागेवर, श्वासाचा आवाज तेवढा. एका ठिकाणी प्रज्ञा धपकन पडते, आणि चित्र बंद होतं. माणसानं आधी कॅमेरा बंद केला असणार आणि मंग "अगं अगं" केलं असणार! नियम म्हणजे नियम. टीव्हीवर बघताना घरच्यांनी ऐकलेला आवाज कॅसेटीतला नव्हताच. गुरुजी शेजारी बसून बोलत होते, आणि सगळ्यांना वाटलं, ते टीव्हीतूनच येऊन राह्यलंय.

दहा कॅसेटी. सगळं घर बोलतंय, शेजारी बोलतात, मिरवणुकीतला ढोल येतो, दारावरचा भाजीवाला येतो. चित्रात नाही आणि आवाजातही नाही असा एकच माणूस, ज्यानं हे सगळं केलं. माझ्या दुकानाचा सगळ्यात चांगला शागीर्द!

मी हेडफोन फेकला. बायको आतून धावत आली. म्हणाली, "काय झालं? कुणावर चिडला?" कुणावर म्हणून सांगू? कंपन्यांवर मी वीस वर्षं चिडलो. झूमवाल्या शेटवर चिडलो, पाटलांवर तर तोंड फाटेस्तोवर चिडलो. आकड्यांना भुलणाऱ्या गिऱ्हाइकांना मूर्ख म्हणालो. त्या मूर्खांचे आवाज त्यांच्या घरात आहेत. आणि ज्यानं माझं ऐकलं, लिहून घेतलं, खाली रेघ मारली, त्याचा आवाज मी खाल्ला.

एक नंबरची कॅसेट राहिली होती. बुरशी आतपर्यंत गेलेली. तिचं कवच उघडून टेप हातानं काढावी लागते, मऊ कापडानं वीत-वीत पुसावी लागते, आणि दुसऱ्या कवचात भरावी लागते. हात थरथरतात आता. तीन दिवस लागले. तिच्यावर गुरुजींनी लिहिलं होतं, 'चाचणी'. सगळी गिऱ्हाइकं चाचणीवरून शूटिंग करून टाकत. गुरुजींनी ती जशीच्या तशी ठेवली होती. वहीचं पहिलं पान फाडायचं नाही, असं ते वर्गात पोरांना सांगायचे. तसंच असेल.

लावली. ऐकली. आणि वंदनाला फोन केला, की सगळ्यांना घेऊन ये.

तिघं आले. वंदना, प्रज्ञा आणि गुरुजी. गुरुजींच्या गळ्याला पांढरा स्वच्छ रुमाल, खिशात वही. त्यांनी हात जोडून, ओठ हलवून जयभीम केला. मी वंदनाला फोनवरच सगळं सांगून टाकलं होतं. दहा कॅसेटींत काही नाही, का नाही, चूक कुणाची. तिनं फक्त किती वाजता यायचं ते विचारलं. चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.

हॅण्डीकॅम टीव्हीला जोडलेलाच होता. मी बटण दाबलं.

मस्तगडचं दुकान आलं. काउंटर, मागं खोक्यांची भिंत, आणि काळ्या मिशीचा, अंगठा शर्टाच्या खिशात अडकवलेला मी. मी बोलून राह्यलो होतो. "गुरुजी, लाल ठिपका दिसतो का? चालू झालं बघा."

आणि कॅमेऱ्याच्या मागून, अगदी जवळून, सगळी खोली भरून आवाज आला.

"काय बोलू?"

"काहीच बोलू नका!" टीव्हीतला मी बोट नाचवत म्हणालो. "कॅमेरा धरणाऱ्यानं बोलायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"बरं," आवाज म्हणाला. "न्हाई बोलत."

संपलं. पुढं निळा पडदा.

प्रज्ञा म्हणाली, "परत लावा." मी लावलं. "परत." लावलं. ती पुढं सरकून टीव्हीजवळ जमिनीवर बसली. किती वेळा लावलं मला आठवत नाही. प्रत्येक वेळी तो माजलेला, बोट नाचवणारा माणूस मला बघावा लागत होता, आणि त्याच्या थोबाडीत मारता येत नव्हतं. वंदनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिनं ते पुसलं नाही. प्रज्ञा मात्र हसत होती. आईकडं वळून म्हणाली, "आई, असा होता? एवढा छान?"

मी गुरुजींकडं वळलो. जमवून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "गुरुजी, चुकलं माझं. मी तुम्हाला गप्प केलं. लई मोठी चूक झाली."

गुरुजींनी वहीला हात घातला नाही. ते उठले, टेबलाशी आले. टीव्हीची वायर काढून त्यांनी हॅण्डीकॅम उचलला, जुन्या सवयीनं डावा हात खाली टेकवून धरला, आणि डोळ्याला लावला. माझ्यावर रोखला. मी तसाच उभा, गालावर पाणी, अंगात घरचा बनियन.

कॅमेरा सावकाश डावीकडं गेला. मंग उजवीकडं. पुन्हा डावीकडं.

न्हाई.

"न्हाई कसं? चुकलंच होतं!" मी ओरडलो. "बोला की, काहीतरी बोला मला!"

कॅमेरा माझ्यावरच होता. हलला नाही.